सहावं बोट

४ जुलै १९८२, रविवार

आले. सात माणसं, एक ट्रक, एक कुत्री. सामान एवढं की उतरवण्यातच दुपार गेली. म्होरक्या गेन्नादी पाव्लोविच – पन्नाशीचा, दाढीवाला, बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवतो. पार कीव्हहून आलेत. कशासाठी? तर हिममानवासाठी! आमच्या डोंगरातल्या गूलसाठी, ज्याच्या नावाने आया पोरांना चार घास भरवतात.

शेतसंघाच्या अध्यक्षांनी बोलावलं. "मस्तुरा मुअल्लिमा, शाळेला सुट्टी आहे, शिकवणं बंद. रशियन गावात तुलाच नीट येतं. महिनाभर यांची दुभाषी तू."

मी म्हटलं, आई आजारी आहे. ते म्हणाले, "सकाळी तर तंदूर लिंपत होती." संपला विषय.

घरी येऊन आईला सांगितलं. तिचे हात कणकेत होते. "कुठे शोधणार म्हणे?" म्हटलं, वर. तिने कणीक पुन्हा मळायला घेतली.

५ जुलै

हे लिहू नये, कळतं मला. पण नाही लिहिलं तर बोलू कुणाशी? आईशी बोलायला गेलं की ती डोळे पुसत उठून जाते. वही पिठाच्या कणगीमागे ठेवते. तिथे तिच्याशिवाय कुणाचा हात जात नाही, आणि तिला वाचता येत नाही.

झियोद, माझा धाकटा भाऊ, वर आहे.

मार्चमध्ये सैन्याच्या छावणीतून पळाला, त्यांची तुकडी सरहद्दीच्या नदीपलीकडच्या लढाईत जायची होती त्याच्या आधी आठवडाभर. २ एप्रिलला परसातून घरात शिरला. पाय सुजून भोपळे झालेले. सात दिवस गवताच्या माळ्यावर ठेवला. मग जिल्ह्याचे दोघे चौकशीला आले, तेव्हा मागच्या भिंतीवरून उडी मारून वर गेला. जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं – "आपा, दर गुरुवारी दुभंगलेल्या खडकापाशी रोटी ठेव. थांबायचं नाही. हाक मारायची नाही. आणि मला शोधायला वर यायचं नाही, तुझी पाऊलवाट पडेल."

तेव्हापासून ठेवते. रुमालात सहा रोट्या, मूठभर कुरुत, वाळवलेल्या दह्याचे गोळे. पुढच्या गुरुवारी जाते तेव्हा रोट्या नसतात. एवढंच आमचं भेटणं.

ते जिल्ह्याचे दोघे पुन्हा येतील म्हणून आईने त्याचे झाडून सगळे कपडे उकळून धुतले आणि मामाच्या पोरांना वाटून टाकले. घरात त्याचं एक बटण नाही.

६ जुलै

आज किरोम बोबोंकडे. गावातले सगळ्यात म्हातारे, एकेकाळचे शिकारी, म्हणून पाहुण्यांची पहिली धाड त्यांच्यावर. गेन्नादी विचारतो, मी सांगते.

"गूल पाहिलाय?"

"पाहिलाय की."

"केस लाल होते?"

"लाल. डाळिंबासारखे."

वहीत लिहून घेतलं. मग लिदाने – ती चष्मेवाली विद्यार्थिनी – विचारलं, काळे तर नव्हते ना?

"काळेच," बोबो म्हणाले. "लालसर काळे."

उंच होता? उंच. वाकून चालत होता? वाकून. मादी असेल का? बोबोंनी चहाचा घोट घेतला. "असेल. थोडी लाजत होती खरी."

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलं. "बोबो, काय चाललंय? कधी पाहिलात तुम्ही गूल?"

"मी कशाला पाहतोय? पण माणूस एवढ्या लांबून माझ्या दारात आला, माझा चहा प्यायला, आणि मी त्याला नाही म्हणू? तुला आईने काही वळण लावलंय की नाही?"

अख्खं गाव असंच आहे. कुठल्याही दारात विचारा, गूल आहे. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

८ जुलै, गुरुवार

पहाटे रोट्या घेऊन निघाले. रानकांदा आणते म्हणून सांगितलं. अर्ध्या वाटेत पाहते तर मागे ती कुत्री, बुल्का. दगड मारला, पाय आपटले, जाईना.

गेल्या वेळच्या रोट्या गेलेल्या. रुमाल ओढ्यात, दगडाला अडकलेला. बुल्काने खडकाचा वास घेतला आणि तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले. शेपूट पायात घालून माझ्या मागे येऊन बसली. पुढे पाऊल टाकेना.

नवलच वाटलं. झियोदला गावातली भुंकणारी कुत्रीही चाटत यायची. शहरी कुत्री आहे, घाबरली असेल.

९ जुलै

रुमालाचं डोक्यातून जात नाही. पहिले तीन गुरुवार घडी घालून, वर गोटा ठेवून ठेवायचा. मी आईला हसत म्हटलंसुद्धा – बघ, सैन्यात एवढं तरी शिकला. मग ९ मे. शाळेत विजयदिनाची गाणी चालली होती, आणि वरून धाड-धाड आवाज आला. काळ्या कड्याचा बर्फ खाली आला होता, झियोद होता त्याच बाजूला. पोरं गाणं सोडून खिडकीशी धावली. मी खडूचा तुकडा हातात धरून तशीच उभी होते.

१३ मेच्या गुरुवारी खडकापर्यंत पाय उचलत नव्हते. आणि रोट्या नव्हत्या! खाल्ल्या होत्या! खाली बसून ओक्साबोक्शी रडले. रुमाल फाटून पडला होता, पण रुमालाचं काय एवढं. घरी येऊन आईला नुसतं "गेल्या" म्हटलं, तर तिने माझ्या दोन्ही हातांचे मुके घेतले.

तेव्हापासून रुमाल कुठेही भिरकावलेला असतो. सैन्यातली शिस्त विसरला असेल. किंवा घाईत असेल. रानात एकटा राहून माणूस आणखी काय होणार.

११ जुलै

सत्यानाश. बोबोंनी आज स्वतःहून सांगितलं – "दुभंगलेल्या खडकापाशी कुणीतरी बाई रोटी ठेवते. रुमाल पाहिलाय मी. ती रोटी तोच खातो."

गेन्नादी वाट पाहतोय, पेन्सिल उचललेली. मी म्हटलं, "ते म्हणतात, खाली, जुन्या पाणचक्कीपाशी पूर्वी कधीतरी दिसला होता."

त्याने लिहून घेतलं. पण लिदा माझ्याकडे बघत राहिली. "मस्तुरा, त्यांनी रोटी म्हटलं ना? आणि दगड?" महिनाभर ती आमची भाषा शिकून आली आहे. पन्नास शब्द येत असतील. त्यांत नेमके हे दोन असावेत!

म्हटलं, हो, चक्कीचा दगड. रोटीचं पीठ. ती हसली. पटलं की नाही, कळलं नाही.

१२ जुलै

आज पाणचक्की. दिवसभर चिखल तुडवला. मी वाट दाखवत पुढे. माझ्या आयुष्यात एवढं खोटं मी कधी बोलले नव्हते. मुलांना खोट्यासाठी कोपऱ्यात उभं करते मी.

१४ जुलै

ओढ्याच्या वाळूत पाऊल सापडलं. चक्कीच्याही खाली. गेन्नादी गुडघ्यांवर बसला, टोपी काढली, प्रार्थनेला बसावा तसा. मला म्हणाला, "पंचवीस वर्षं, मस्तुरा. लोक हसतात. बायको सोडून गेली. पंचवीस वर्षं मी एका पावलासाठी थांबलोय."

मी बघायला वाकले. पाण्याने कडा गेल्या होत्या. बोटं मोजता येत नव्हती. देवा, उपकार.

बोटंच मोजायची भीती आहे मला. झियोदच्या डाव्या पायाला सहा आहेत. आमच्याकडे अशा मुलाचं नाव ठरलेलंच – झियोद, म्हणजे जास्तीचा. आजीने बाळाचा पाय धरला आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं. आता लपणार कसा? यांना एक चांगलं पाऊल मिळू दे, साच्यात ओतू दे, चौकात मांडू दे, गावातलं शेंबडं पोरही म्हणेल, हा तर आपला झियोद. आणि हे लोक प्रत्येक शनिवारी जिल्ह्याला बातमी कळवतात.

सापडला तर तुरुंग. किंवा नदीपलीकडे पुढच्या रांगेत.

१५ जुलै, गुरुवार

जाता आलं नाही. पहाटेच ट्रकमध्ये बसवलं. रोट्या घरी पडून वाळल्या. तो आला असेल, पाहिलं असेल, रिकाम्या हाताने गेला असेल.

१८ जुलै, रविवार

आईने पाहुण्यांना जेवायला बोलावलं. मी म्हटलं कशाला? म्हणाली, "नाही बोलावलं तर लोक विचारतील का नाही बोलावलं."

पुलाव केला. सगळे पोटभर जेवले. मग गेन्नादीची नजर भिंतीवर गेली. खिळ्याला टांगलेली रोटी, कडेचा एक घास तोडलेला. "हे काय?"

मला सांगावं लागलं. मुलगा सैन्यात निघाला की रोटीचा एक घास घेतो आणि बाकीची टांगून ठेवतात. परत आला की उरलेली खातो. तोवर कुणी हात लावायचा नाही.

"तुमचा मुलगा सैन्यात आहे?" त्याने आईला विचारलं. मी भाषांतर केलं. आईने मान डोलावली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तो तिचं मनगट धरून म्हणाला, "येईल, येईल." चांगला माणूस आहे. हेच वाईट आहे. कुणीतरी दुष्ट आला असता तर मला बरं पडलं असतं.

एप्रिलमध्ये आईने ती रोटी उतरवायला हात वर केला होता. झियोद म्हणाला, "राहू दे. मी अजून परत आलो कुठे?"

२२ जुलै, गुरुवार

आज जमलं. दुप्पट रोट्या. रुमालात चिठ्ठीही ठेवली – लोक आलेत, तुझ्या बाजूला सरकतायत, कडा ओलांडून पलीकडे जा. चिठ्ठी लिहिणं म्हणजे मूर्खपणा. पण आणखी काय करू? हाक मारायची नाही, वर जायचं नाही, भेटायचं नाही. माझे सगळे दरवाजे त्यानेच लावून घेतलेत.

२४ जुलै, शनिवार

राहवेना म्हणून दुसऱ्या दिवशीच जाऊन पाहिलं होतं. रोट्या गेल्या. चिठ्ठी तिथेच खडीत, ओली, माझी घडी जशीच्या तशी. वाचून पुन्हा तशीच घडी करून ठेवली असेल. जवळ कागद सापडायला नको म्हणून. हुशार आहे तो.

२६ जुलै

लिदाने त्यांना दुभंगलेल्या खडकापाशी नेलं! मला न सांगता. बोबोंना घेऊन, खाणाखुणांनी. माझ्या रुमालाची चिंधी सापडली त्यांना. संध्याकाळी लिदा माझ्याजवळ येऊन बसली. "रागवू नकोस, मस्तुरा. मला वाटतं तू त्याला वाचवायला बघतेयस. आम्ही त्याला इजा करणार नाही. फक्त बघायचंय."

त्याला म्हणजे कुणाला, पोरी! पण तिच्याकडे बघून मान हलवली.

बोबोंकडे गेले, पाया पडायचंच बाकी ठेवलं. "त्यांना सांगा, मी थापा मारल्या."

"आता? दाढी पांढरी झाल्यावर स्वतःला खोटारडा म्हणवून घेऊ? आणि पोरी, तुला एवढं का लागलंय?"

मी घराच्या वाटेला लागले.

२८ जुलै

आई दिवसभर तंदूरपाशी बसून होती. विस्तव नव्हता.

२९ जुलै, गुरुवार

आज रोटी मी नाही ठेवली. त्यांनी ठेवली. आमच्याच घरून नेलेली, आईच्या हातची. खडकाभोवती बारीक ओली माती अंथरली, अंगण सारवावं तशी. कोण येईल त्याचं पाऊल उमटेल. मग सगळे दूर तंबूत जाऊन बसले.

दोन आठवड्यांत एकदाच खाल्लंय त्याने. येणारच. भुकेलं माणूस माती बघत नाही. मी त्यांच्याबरोबर बसून चहा प्यायले. कुणी काही विनोद केला त्याला हसलेसुद्धा.

३१ जुलै, शनिवार

सकाळी लिदा धावत आली. मला ओढतच खडकापाशी घेऊन गेली. सगळे गोल करून उभे. गेन्नादी रडत होता, उघडपणे, दाढीत पाणी. पांढरा साचा, सुकलेला, खालची माती झटकलेली. डावा पाय. स्पष्ट. माझ्या हातात दिला – "बघ, मस्तुरा! मोज!"

मोजलं.

पुन्हा मोजलं. बोट लावून. मुलांना शिकवते तसं.

पाच.

पहिला क्षण – लाज वाटते लिहायला – मला आनंद झाला. झियोद नाही! वाचला! साचा तसाच हातात होता, जड. आणि मग मी खडकाभोवती पाहिलं. झियोद नाही. माती सगळीकडे सारखी. दुसऱ्या कुणाचं पाऊल नाही. रोटी खाल्ली ती यानेच खाल्ली.

किरोम बोबोंनी साचा पाहिला, बोटांच्या टोकांवरून हात फिरवला, आणि पाहुण्यांना म्हणाले, "हाच तो. हाच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या कानाशी, "म्हातारं अस्वल आहे. मागचा पाय. दात गेलेत वाटतं, रोटीला सोकावलंय."

सोकावलंय. कधीपासून, बोबो? पण मला माहीत आहे कधीपासून. १३ मेपासून. रुमाल फाटला तेव्हापासून. बुल्का घाबरली, चिठ्ठीची घडी तशीच राहिली, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, इथे माझ्याच हाताने लिहिलंय, आणि प्रत्येक वेळी मीच त्याला कारण शोधून दिलं. अस्वलाला रोटी भरवत होते मी, आणि आई माझ्या हातांचे मुके घेत होती.

घडी घातलेले रुमाल तीन. तीनच.

पण कदाचित कड्यापलीकडे गेला असेल. पाय मोडून गुहेत पडला असेल. त्या बाजूला मेंढपाळांच्या झोपड्या आहेत, पीठ असतं तिथे. अडीच महिने. माणूस जगतो का अडीच महिने? मला कुणाला विचारता येत नाही. वर जायचं नाही असं त्याने सांगितलं होतं आणि मी गेले नाही. शहाण्यासारखी ऐकत बसले.

१ ऑगस्ट

आईला सांगितलं. अंथरूण घालता घालता ती म्हणाली, "ते लोक शोधायलाच आलेत ना?"

२ ऑगस्ट, सोमवार

पाहुणे ट्रक भरत होते. साचा कापसात गुंडाळलेला. मी गेन्नादीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, अजून एक आहे. वर, काळ्या कड्याखाली. डाव्या पायाला सहा बोटं. एकोणीस वर्षांचा. माझा भाऊ. जिल्ह्याला कळवायचं तर कळवा, तुरुंगात जाऊ दे, पण शोधा.

त्याने माझं मनगट धरलं नाही. खाली बसला, मग उठला आणि माणसांना हाका मारल्या. ट्रक रिकामा करायला लावला. लिदाने बुल्काला सोडवून आणलं. म्हणाली, त्याची एखादी वस्तू हवी, न धुतलेली, वास घ्यायला.

काही नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरची रोटी उतरवली.